फोनमध्ये सगळ्या कविता असताना त्या पाठ कशाला करायच्या?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडते, म्हणजे पुढचे विवेचन कशासंबंधी आहे हे इतर वाचकांनाही कळेल. तुम्ही बंगळुरूत नोकरी करता, वय चव्वेचाळीस आहे आणि वाचन बऱ्यापैकी आहे. पण वाचलेले लक्षात राहत नाही. तुमच्या वडिलांना मोरोपंतांच्या आर्यांपासून गीतरामायणापर्यंत पुष्कळ काही तोंडपाठ होते आणि अखेरच्या आजारपणातही ते त्यातले काही ना काही पुटपुटत असत. त्यांच्याजवळ होते ते आपल्याजवळ नाही, ही रुखरुख तुम्हाला लागली आहे. तुमचे प्रश्न तीन आहेत. कोणतीही कविता काही सेकंदांत फोनवर सापडत असताना ती पाठ करण्यात अर्थ उरला आहे का, या वयात ते जमेल का, आणि दहा वर्षांच्या मुलीकडून पाठांतर करून घ्यावे का.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत आणि नंतर कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत आले. निवृत्तीनंतर गावच्या वाचनालयात प्रौढांसाठी कवितावाचनाची साप्ताहिक बैठक चालवते. तिथे येणारी बहुतेक मंडळी तुमच्यासारखीच असतात. वाचणारी, पण वाचलेले निसटून जाते म्हणून खंतावलेली. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते मुख्यतः या दोन ठिकाणच्या अनुभवावरून.

तुमचा प्रश्न वरवर स्मरणशक्तीचा दिसतो, पण माझ्या मते तो वाचनाचा आहे. वाचलेले अंगी लागत नाही, ही तुमची खरी तक्रार आहे. वडिलांच्या पाठांतराचा तुम्हाला हेवा वाटतो तो त्यांना किती ओळी येत होत्या यासाठी नाही. त्या ओळी त्यांच्या बोलण्यात, रागात, थट्टेत आणि शेवटी आजारपणातही आपसूक येत होत्या, यासाठी आहे. हा फरक आधीच लक्षात घेतला नाही, तर माणूस पाठ केलेल्या कवितांची यादी वाढवत बसतो आणि दोन महिन्यांनी कंटाळून सोडून देतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्याही सुरुवातीलाच सांगून टाकते. लहानपणी कानावर काय पडले याने फार फरक पडतो. ज्या घरात संध्याकाळी हरिपाठ किंवा शुभंकरोती होत असे, त्या घरातल्या माणसाला अभंगाची आणि श्लोकाची लय नव्याने शिकावी लागत नाही. इतरांना ती थोडी कमवावी लागते. कविता कोणत्या प्रकारची आहे यावरही बरेच ठरते. शिवाय कविता पाठ असल्याने माणूस चांगला होतो, असे मला वाटत नाही. मोरोपंतांची केकावली घडाघडा म्हणणारे आणि घरच्यांशी अत्यंत तुसडेपणाने वागणारे लोक मी पाहिले आहेत. पाठांतराने वार्धक्यातला विसरभोळेपणा टळतो, असा दावा हल्ली निरोपांमधून फिरत असतो. मी डॉक्टर नाही आणि त्या आशेने कोणी कविता पाठ कराव्यात असे मी म्हणणार नाही. माझा दावा याहून पुष्कळ लहान आहे. पाठांतर हा वाचनाचाच सर्वांत सावकाश प्रकार आहे आणि त्या सावकाशीत जे हाती लागते ते भराभर वाचताना लागत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

याचे एक उदाहरण जवळून पाहू. बहिणाबाई चौधरींचे ‘अरे संसार संसार’ हे गाणे ज्याला माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. पण माझ्या बैठकीत मी जेव्हा जेव्हा विचारते तेव्हा बहुतेकांना त्यातले पहिले कडवेच येते. चुलीवरचा तवा, आधी हाताला बसणारे चटके आणि मग मिळणारी भाकर. एवढ्यावरून संसार म्हणजे सोसणे, असा त्या गाण्याचा अर्थ आपण ठरवून टाकलेला असतो आणि लग्नाच्या भाषणांत तोच सांगितला जातो. आता हे गाणे पूर्ण पाठ करायला घ्या. पुढच्या कडव्यात बहिणाबाई बजावतात की संसाराला खोटा म्हणू नये, देवळाच्या कळसाला कोणी लोटा म्हणते का. त्यापुढे त्या सांगतात की रडणे-कुढणे नको, गळ्यातल्या हाराला लोढणे म्हणू नकोस. मग वेलावरची काकडी येते, जिचे फक्त तोंड कडू आणि बाकी सगळी गोड. त्यानंतर भिलावा, म्हणजे बिब्बा. अंगाला लागला तर उततो, पण त्याचे फूल गोड आणि पोटात गोडंबीचा, म्हणजे आतल्या गराचा, ठेवा.

पाठ करणाऱ्याला या प्रतिमांचा क्रम लक्षात ठेवावा लागतो आणि क्रम लक्षात ठेवायचा तर तो तसाच का, हे स्वतःला विचारावे लागते. तवा, कळस, हार, काकडी, बिब्बा असे मनाशी म्हणू लागलो की दिसते की तव्यानंतरचे जवळजवळ प्रत्येक कडवे कोणाच्या तरी तक्रारीला उत्तर देते आहे. चटक्यांचे गाणे म्हणून जे आपण मिरवतो ते मुळात संसाराची बाजू घेणाऱ्या बाईचे गाणे आहे, आणि ती बाजू अकाली वैधव्य आलेल्या, शेतात राबलेल्या बाईने घेतलेली आहे. हे मी एखाद्या समीक्षकाकडून उसने घेऊन सांगत नाही. आमच्या बैठकीत एका निवृत्त एसटी वाहकांनी गाणे पाठ करताना हे स्वतःच ताडले आणि पुढच्या आठवड्यात ‘बाई, आपण आजवर हे अर्धेच म्हणत होतो’ असे ते म्हणाले. हीच कविता त्यांनी याआधी छापील पानावर अनेकदा वाचली होती.

बहिणाबाईंना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात काम करता करता त्यांनी गाणी रचली. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी त्यातली काही टिपून ठेवली आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापली गेली. म्हणजे ज्या कवितेला आपण आज पुस्तकात शोधतो ती कितीतरी वर्षे केवळ स्मरणात जगली होती. ज्ञानदेवांची ओवी, तुकोबांचा अभंग, जनाबाईंचे दळण-कांडण, जात्यावरच्या अनामिक बायकांच्या ओव्या या सगळ्यांची घडण तोंडी म्हणण्यासाठी आणि ऐकून ध्यानात राहण्यासाठीच झालेली आहे. ही कविता नुसत्या डोळ्यांनी वाचली तर तिचा मोठा भाग आपल्याला दिसतच नाही.

तो भाग कोणता, हे अभंगाच्या मापावरून दाखवते. ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया’ ही ओळ बोटांवर मोजा. सुंदर ते ध्यान, सहा अक्षरे. उभे विटेवरी, सहा. कर कटावरी, पुन्हा सहा. ठेवोनिया, चार. मोठ्या अभंगाचे हे नेहमीचे माप आहे आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक असते. आता समजा तुम्हाला ओळ नीट आठवली नाही आणि तुम्ही ‘उभा विटेवर’ म्हणालात. अक्षरे सहाच राहतात, पण ‘कटावरी’शी यमक जुळत नाही, कान लगेच अडखळतो. ‘ठेवोनिया’च्या जागी ‘ठेवून’ म्हणालात तरी शेवटचा चरण लंगडा पडतो. चूक कुठे झाली ते सांगायला पुस्तक लागत नाही, ते मापच सांगते. म्हणूनच शतकानुशतके, कागद दुर्मीळ असताना, हे वाङ्मय फारसे न बिघडता टिकू शकले. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या तरी अभंग लोकांच्या मुखी राहिले, असे परंपरा सांगते. त्या कथेतला चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेनुसार घ्यावा, पण मुखी राहण्याजोगी त्या कवितेची बांधणी आहे यात शंका नाही.

आता फोनचा प्रश्न. फोनवर कविता मिळते हे खरे आहे आणि तो वाईट आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. दुर्मीळ संग्रहातली एखादी कविता पाहायला मीही तोच काढते. परंतु फोनला काय शोधायचे ते आपण सांगावे लागते. स्मरणातल्या कवितेचे तसे नाही. रात्री उशिरा घरी परतताना, दवाखान्यात नंबर येण्याची वाट पाहताना, कोणाच्या अंत्यविधीहून आल्यावर, एखादी ओळ न बोलावता येते. ती नेमकी तीच का आली, हे आपल्याला पुष्कळदा नंतर कळते. ज्या क्षणी कवितेची खरी गरज असते त्या क्षणी कविता शोधावी असे माणसाच्या मनातही येत नाही, आणि आले तरी कोणती शोधावी हे सुचत नाही. तुमच्या वडिलांनी आजारपणात पुटपुटलेल्या ओळी कोणी त्यांना सुचवल्या नव्हत्या. अंदमानच्या कोठडीत कागद-लेखणी नसताना सावरकरांनी काव्य रचून स्मरणात जपले, हे उदाहरण पाठांतराच्या गौरवासाठी नेहमी दिले जाते. ते खरे आहे आणि मोठेही आहे, पण तुमच्या-माझ्या उपयोगाचे नाही. आपल्याला कोठडीत राहायचे नसून रोजच्या रहदारीत राहायचे आहे, आणि तिथे लागणारी कविता बहुधा आठ-दहा ओळींचीच असते.

स्मरणातल्या कवितेचा याहून मोठा लाभ वाचनातच होतो आणि त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बा. सी. मर्ढेकरांचे उदाहरण घ्या. ‘कांही कविता’ हा त्यांचा संग्रह १९४७ चा. मुंबईच्या यंत्रयुगातला कंटाळा, भीती आणि किळस त्यांनी मांडली, पण कित्येक ठिकाणी ती मांडली ओवीच्या आणि अभंगाच्या मापात. ज्याच्या कानात तुकोबा नाहीत त्याला ती यमके असलेली एक विचित्र आधुनिक कविता वाटते. ज्याच्या कानात ते आहेत त्याला प्रत्येक चरणाला घर्षण जाणवते; इथे खरे तर विठ्ठल यायचा, त्या जागी गिरणी आली आहे, हे त्याचा कानच त्याला सांगतो. तळटीप वाचून हे समजते खरे, पण ते समजणे आणि वाचता वाचता अंगावर येणे यांत अंतर आहे. आधीची कविता आत असली की पुढची कविता तिच्यावर आपटते आणि आवाज होतो. तुम्ही जे म्हणता की पुस्तक संपले की काहीच उरत नाही, त्याचे एक कारण मला हेच दिसते. नव्याने येणाऱ्या ओळीला अडवायला आत काही नसेल, तर ती सरळ निघून जाते. वाचन वाढवून हा प्रश्न सुटत नाही. थोडेसेच, पण पक्के असे काही आत असावे लागते.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. फक्त पाठांतर आहे आणि वाचन थांबले आहे, अशी माणसे जुन्या चार कविता आयुष्यभर त्याच अर्थाने म्हणत राहतात. शाळेत असताना पाठ केलेली श्रावणाची कविता त्यांना साठीतही तिसरीतल्या मुलाइतकीच कळलेली असते. पाठ असलेल्या कवितेवर नवे वाचन पडत राहिले, तरच ती वयाबरोबर बदलते.

वडिलांच्या पिढीबद्दल थोडे सांगते, कारण तुमच्या मनात त्यांच्या स्मरणशक्तीबद्दल काहीसे अद्भुत चित्र दिसते. त्या पिढीची स्मरणशक्ती वेगळी नव्हती. कविता कानावर पडण्याचे प्रसंग वेगळे होते. परशुरामतात्या गोडबोल्यांनी १८५४ मध्ये ‘नवनीत’ हा जुन्या कवितेच्या वेच्यांचा संग्रह केला आणि मोरोपंत, वामनपंडित, मुक्तेश्वर ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या शाळेतून मुलांच्या तोंडी बसली. १९५५ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण सुरू झाले. आठवड्याला एक नवे गीत, अशी छप्पन्न गीते वर्षभर चालली. आठवडाभर वाट पाहून ऐकलेले गाणे आणि मग पुढच्या गाण्यापर्यंत घरात तेच गुणगुणत राहणे, ही पाठांतराची उत्तम पद्धत होती आणि तिला पाठांतर असे कोणी म्हणतही नव्हते. आज आपल्याला एका बैठकीत छप्पन्नच्या छप्पन्न ऐकता येतात आणि बहुधा म्हणूनच एकही राहत नाही.

चालीबद्दल मात्र एक इशारा. चालीवर पाठ झालेले गीत लवकर बसते, पण चाल कधी कधी शब्दांना झाकून टाकते. गाणे येत असेल तर ते एकदा चाल काढून, साध्या बोलण्याच्या आवाजात म्हणून पाहा. निम्मे लोक अडकतात. जिथे अडकाल तिथे शब्द तुम्हाला येत नव्हता, सूर येत होता. हा प्रयोग मी बैठकीत नेहमी करायला लावते आणि त्यानंतर ‘हा शब्द इथे असा आहे होय!’ असे उद्गार हमखास ऐकू येतात.

या वयात जमेल का, याचे उत्तर निःसंशय होय असे आहे, पण मुलांसारखे जमणार नाही. लहान मूल आवाजावर पाठ करते आणि अर्थ मागून येतो. प्रौढ माणसाने अर्थावरून जावे, त्याला तो मार्ग सोपा पडतो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्मरणावरचे आपले प्रसिद्ध पुस्तक १८८५ मध्ये प्रकाशित केले. त्याने अर्थहीन अक्षरांच्या रांगा पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला, हे अनेकांना ठाऊक असते. पण त्याने स्वतःवर बायरनच्या कवितेची कडवीही पाठ करून पाहिली होती. अर्थहीन अक्षरांच्या मानाने त्याला सुमारे एक दशांश श्रम पुरले. अर्थ, लय आणि यमक हे तिन्ही मदतीला असताना चव्वेचाळिसाव्या वर्षी घाबरण्याचे कारण नाही.

पद्धत मी जी सांगते ती अशी. कविता विश्वसनीय छापील पुस्तकातून घ्या. आंतरजालावर आणि निरोपांतून फिरणाऱ्या मराठी कवितांत ऱ्हस्वदीर्घाच्या, गाळलेल्या ओळींच्या आणि कधी तर कवीच्या नावाच्याही चुका असतात. एकदा चुकीची ओळ बसली की ती उपटून काढणे नवीन ओळ पाठ करण्याहून कठीण जाते. पुण्याला किंवा गावी फेरी झाली की वाचनालयातून संग्रह आणा आणि कविता हाताने वहीत उतरवून घ्या. नंतर ती दोन-तीन दिवस फक्त मोठ्याने वाचा, पाठ करण्याचा विचारही न करता. प्रत्येक वाक्य कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे बघा. ओळ संपली म्हणजे वाक्य संपले असे नसते आणि प्रौढांची पहिली अडचण बहुधा इथेच असते.

पाठ करताना शेवटच्या कडव्यापासून मागे या. हा उपाय विचित्र वाटतो, पण फार कामाचा आहे. सर्वांना पहिले कडवे पक्के येते आणि पुढे पुढे पाया खचत जातो, कारण प्रत्येक वेळी सुरुवातीपासून म्हटल्यामुळे सुरुवातच सर्वाधिक वेळा म्हटली जाते. शेवटून आलात तर म्हणताना तुम्ही दर वेळी अधिक ओळखीच्या भागाकडे जात असता. वही मिटून आठवून बघणे हे वही उघडून पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडते. आठवताना जी धडपड होते तीच ओळ पक्की करते. म्हणून अडलात की लगेच वही उघडू नका, मिनिटभर चाचपडा. आज बसलेली कविता उद्या सकाळी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने आणि पुढे महिन्याने म्हणून पाहा. महिन्यानंतर जी शाबूत असते ती बहुधा राहते.

ती म्हणायची कधी, हा प्रश्न वेळेचा नसून जागेचा आहे. जात्यावरच्या ओव्यांकडे पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. इतक्या ओव्या, त्यातल्या बहुतेक निरक्षर बायकांच्या, कशा टिकल्या? त्या दळण्याच्या कामाला बांधलेल्या होत्या. पहाटे जाते फिरू लागले की ओवी येई. पिठाची गिरणी आली, हाताला त्या कामापासून सुटका मिळाली (आणि ती मिळायलाच हवी होती, यात मला कसलेही स्मरणरंजन करायचे नाही), तशी ओवीही मुक्या होत गेलेल्या जात्याबरोबर मागे पडली. तेव्हा तुमची कविता तुमच्या एखाद्या रोजच्या, हातापायांच्या कामाला बांधा. सकाळचे चालणे, कपड्यांच्या घड्या घालणे, ऑफिसच्या बसमधला तो अर्धा-पाऊण तास. एका कामाला एक कविता असे काही दिवस चालू द्या. ‘वेळ मिळेल तेव्हा म्हणेन’ असे ठरवणाऱ्यांचे पाठांतर झालेले मी फारसे पाहिलेले नाही.

सुरुवात कशापासून करावी, हे तुमच्या कानावर अवलंबून आहे. वडिलांच्या तोंडून ऐकलेली आणि अर्धवट आठवणारी एखादी रचना असेल तर तिच्यापासूनच करा, निम्मे काम झालेले आहे. तसे काही नसेल तर अभंग घ्या, कारण तो लहान असतो आणि त्याची भाषा आजही फारशी परकी वाटत नाही. मोरोपंतांची आर्या पहिल्या प्रयत्नात घेऊ नका. तिची शब्दरचना उलटसुलट असते आणि अन्वय, म्हणजे शब्दांचा सरळ क्रम, लावल्याशिवाय ती पाठ करणे ही निव्वळ घोकंपट्टी होईल. मुक्तछंदाचा मार्ग वेगळा आहे. नारायण सुर्वे किंवा नामदेव ढसाळ यांची कविता पाठ करायची तर अक्षरांचे माप मदतीला नसते; तिथे बोलण्याचा श्वास धरावा लागतो. बोलणारा माणूस कोण आहे, कोणाशी बोलतो आहे, कुठे त्याचा आवाज चढतो, हे ठरवून नाटकातल्या भाषणासारखी ती बसवावी. ती थोडी सैल राहते, एखादा शब्द इकडचा तिकडे होतो. ते चालवून घ्यावे आणि मधून मधून पुस्तकाशी ताडून पाहावे. पहिल्या वर्षात पाच-सहा कविता पक्क्या झाल्या तर भरपूर झाले.

मुलीबद्दलचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याचे उत्तर सर्वाधिक जपून द्यायला हवे. शाळेत पाठांतराचे गुण असत तेव्हा मी मुलांकडून ते करून घेतले आहे आणि त्याचे दोन्ही परिणाम पाहिले आहेत. काहींना त्यातून आयुष्यभराची गोडी लागली. काहींना कविता म्हणजे उभे राहून चुका काढून घेणे असे जे वाटले ते कायमचे. फरक कवितेत नव्हता, ती कोणासमोर आणि कशासाठी म्हणावी लागली यात होता. म्हणून तिला शिकवा, पण परीक्षा घेऊ नका. पाहुणे आले की ‘जरा म्हणून दाखव’ हे तर चुकूनही नको. दहाव्या वर्षी मुलांना अर्थापेक्षा नाद प्रिय असतो, तेव्हा ठळक ठेक्याची रचना द्या. समर्थांच्या मनाच्या श्लोकांचे भुजंगप्रयात वृत्त यासाठी फार सोयीचे आहे. प्रत्येक चरणात बारा अक्षरे, लघु-गुरु-गुरु असा गट चार वेळा. टाळ्या वाजवत म्हटले तर मुले ते वृत्त काही मिनिटांत पकडतात. श्लोक दोनशे पाच आहेत, पण तिला त्यातले दोन आले तरी त्या ठेक्यावर ती स्वतःच्या ओळी रचू लागेल. त्या ओळी बहुधा तुमच्याबद्दल आणि जेवणातल्या न आवडणाऱ्या भाज्यांबद्दल असतील. त्या हसून ऐकून घ्या आणि वृत्त कुठे चुकले तेवढेच सांगा. अर्थ ती विचारेल तेव्हा आणि विचारेल तेवढाच सांगा.

तिने तुम्हाला पाठ करताना, अडखळताना आणि पुन्हा वही उघडताना पाहिले तर तिला वेगळे काही सांगावे लागणार नाही. वही तिच्या हातात देऊन तुमच्या चुका काढायचे काम तिच्याकडे सोपवा; मुले ते काम अतिशय कसोशीने करतात आणि करता करता कविता त्यांनाच आधी पाठ होते. तुम्ही बंगळुरूत आहात, तेव्हा तिच्या शाळेत कन्नड असेल आणि कन्नड कविताही असतील. तिला मराठीआधी त्यातली एखादी आवडली तर ती तिच्याकडून तुम्ही शिकून घ्या.